हेडलाइटचे बल्ब बदलायचेत: हॅलोजनच ठेवू की एलईडी टाकू?

काळोखवाट (धागाकर्ता)
मंडळी, गाडीचा डावीकडचा लो बीम गेलाय. एच४ बल्ब, साधा रिफ्लेक्टरवाला हेडलाइट, गाडी बऱ्यापैकी जुनी. तसाही बरेच दिवस रात्रीचा उजेड कमीच वाटत होता. पावसात ओल्या डांबरावर तर काही म्हणजे काही दिसत नाही. मित्रांचा एकच धोशा आहे, 'एलईडी टाक आणि मोकळा हो'. मेकॅनिकही म्हणतो की त्याच होल्डरात बसतात, वायर कापायची गरज नाही, दहा मिनिटांचं काम.
इतकं सोपं असेल तर शंका येते, म्हणून धागा काढला. वापरलेल्यांनी आणि काढून टाकलेल्यांनीही लिहा. शिवाय उजवा बल्ब चालू आहे, तोही बदलायचा का?

फ्यूजउडाला
बिनधास्त टाका. मी टाकलेत, रात्रीचा दिवस झालाय. हॅलोजनचा तो पिवळट उजेड म्हणजे उगाच डोळ्यांना ताण. वीजही निम्मी लागते.

सांजवात
तुमच्या रात्रीचा दिवस होतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचं काय? रोज रात्री ड्यूटीवरून गाडी चालवत घरी येते. पांढऱ्याफेक लाईटची गाडी समोर आली की दोन-तीन सेकंद रस्त्याची कडासुद्धा दिसत नाही. डिपर मारावा तर समोरचा उलट अप्पर मारून दाखवतो की बाबा, हा माझा डिपरच आहे!

मागच्यासीटवरून
बसतो मागे. धागा शंभरी गाठणार.

पाना_बारा
काळोखवाट, आधी सोपं उत्तर. बल्ब जोडीनेच बदला. दोन्ही एकाच वेळी बसवलेले असतील तर दुसराही आज ना उद्या जाणार. शिवाय जुन्या बल्बच्या काचेवर आतून काळपट थर धरलेला असतो, त्यामुळे नव्या-जुन्याच्या उजेडात फरक दिसतो. काढलेला उजवा बल्ब नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवा, अडीअडचणीला कामी येतो.

आता एलईडीबद्दल. यात सगळे बल्बबद्दल बोलतात, रिफ्लेक्टरबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे. हॅलोजनची फिलामेंट म्हणजे चार-पाच मिलिमीटर लांब, जेमतेम दीड मिलिमीटर जाड तापलेली गुंडाळी. ती चहूबाजूंनी उजेड फेकते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक तुकडा या गुंडाळीची एकेक प्रतिमा रस्त्यावर टाकत असतो. कुठला तुकडा कुठे टाकणार हे फिलामेंट नेमकी त्याच जागी, त्याच मापाची आहे असं धरून ठरवलेलं असतं. ती मिलिमीटरभर पुढे-मागे झाली तरी बीम बिघडतो.

एच४ मध्ये अजून एक करामत आहे. त्यात दोन फिलामेंट असतात. पुढची डिपरची (लो बीम), मागची अप्परची (हाय बीम). डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरलात तर स्पष्ट दिसेल. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरला फक्त रिफ्लेक्टरचा वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि तो उजेड खाली रस्त्यावर टाकतो. वाटीची एक कड १५ अंशांनी उतरती कापलेली असते. रस्त्याच्या कडेच्या बाजूला बीम जो वर चढलेला दिसतो, तो त्या कापामुळे.

एलईडी बल्बात काय असतं? एक चपटी धातूची पट्टी आणि तिच्या दोन बाजूंना चिप. उजेड दोन बाजूंना भरपूर, पट्टीच्या कडांच्या दिशेने कमी. आणि मध्ये पट्टीची जाडी आल्यामुळे स्रोत एक न राहता एकमेकांपासून सुटलेले दोन होतात. रिफ्लेक्टर बिचारा इमानेइतबारे दोघांच्याही प्रतिमा टाकतो. परिणाम म्हणजे कटऑफची, म्हणजे खालचा उजेड आणि वरचा काळोख यांच्यातली, रेघ फाटते, वर झाडांच्या फांद्यांवर उजेड जातो आणि रस्त्याच्या मधोमध कुठेतरी काळा पट्टा पडतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावल्यासारखं. काचा कितीही महागाच्या असोत.

होल्डरात बसला म्हणजे जमला, असं होत नाही. होल्डर एवढंच सांगतो की तो तिथून खाली पडणार नाही.

फ्यूजउडाला
पाना_बारा, थिअरी मान्य. पण माझ्या गाडीपुढे उजेड जास्त पडतो हे डोळ्यांनी दिसतंय की. डोळे खोटं बोलतात का?

चष्मेबहाद्दर
या बाबतीत हो, बोलतात. गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये लख्ख उजेड पडला की बाहुली आकसते आणि डोळा त्या उजेडाला सरावतो. मग साठ-सत्तर मीटरवरचा माणूस, गुरं, बंद पडलेला ट्रक, हे आणखी काळोखात जातं. मन मात्र खूश, कारण जवळचं छान दिसतंय. हेडलाइटचं खरं काम लांबचं दाखवणं हे आहे. जवळच्या खड्ड्याला तसाही वेळ उरत नाही, तो चुकवायचा तर आधीच लांबून दिसायला हवा.

एक प्रयोग करा. सपाट, निर्मनुष्य, काळोख्या रस्त्यावर गाडी उभी करा आणि गडद कपडे घातलेल्या माणसाला डिपरच्या उजेडात कडेने पुढे चालत जायला सांगा. कुठे दिसेनासा होतो ते पावलांनी मोजा. मग बल्ब बदलून पुन्हा. भिंतीवर लख्ख दिसणारे बल्ब इथे उघडे पडतात.

फ्यूजउडाला
करून बघतो. माझा मात्र प्रोजेक्टर आहे हे आधीच सांगतो.

ॲम्पिअर
हा तपशील महत्त्वाचा होता, आधी सांगायचा ना राव. प्रोजेक्टरमध्ये भिंगाच्या मागे पत्र्याची आडपट्टी असते, कटऑफ तिच्यामुळे तयार होतो. त्यामुळे आत काहीही बसवलं तरी वरची रेघ बऱ्यापैकी शाबूत राहते आणि समोरच्याला त्रास तुलनेने कमी. पण रेघेच्या खाली उजेड कसा पसरतो ते पुन्हा फिलामेंटच्या जागेवरच अवलंबून असतं. बहुतेक वेळा होतं असं की रेघेच्या लगेच खाली, म्हणजे लांबच्या रस्त्यावर, जो सर्वात प्रखर ठिपका हवा तोच फिका पडतो आणि सगळा उजेड खाली पसरतो. भिंतीवर सुंदर, रस्त्यावर आखूड.

हेडलाइटची मोजणी किती काटेकोर असते त्याचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. हॅलोजन हेडलाइटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत, आर११२ च्या मूळ आवृत्तीत, दिव्यापासून २५ मीटरवर पडदा धरून ठरावीक बिंदूंवर लक्स, म्हणजे तिथे पडणारा उजेड, मोजत. ५० मीटरवरून येणाऱ्या चालकाचा डोळा जिथे येतो त्या बिंदूवर डिपरचा उजेड ०.४ लक्सपेक्षा जास्त चालत नसे. आणि ७५ मीटरवर आपल्या बाजूची कड जिथे येते त्या बिंदूवर किमान १२ लक्स लागत. पडद्यावर या दोन बिंदूंमधलं अंतर किती? बाजूला दोनेक मीटर आणि खाली जेमतेम अर्धा मीटर. एवढ्या जागेत तीसपट फरक साधायचा. स्रोताचा आकार बदलला की पहिला बळी या फरकाचाच जातो.

मागच्यासीटवरून
आणि खोक्यावर लिहिलेले '२०,००० ल्युमेन' कुठे जातात?

ॲम्पिअर
छापखान्यातच राहतात. ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड. एच७ या एका फिलामेंटच्या हॅलोजनचा प्रमाणित प्रकाश १५०० ल्युमेन. एच४ चा अप्परला १६५० आणि डिपरला १०००. हे सगळे १३.२ व्होल्टवरचे आकडे. रेट्रोफिट, म्हणजे हॅलोजनच्या जागी बसवायचा, एलईडी बल्ब प्रत्यक्षात २० ते ३० वॅट ओढतो. वॅटमागे शंभर ल्युमेन धरले तरी दोन-तीन हजार, तेही थंड असताना. तापला की त्यातून घट. वीस हजार ल्युमेन खरोखर काढायचे तर दोनशे वॅट लागतील, आणि तेवढी उष्णता मुठीत मावणाऱ्या पंख्याने बाहेर काढायची. होणे नाही.

उष्णतेचा मुद्दा निघालाच आहे तर, हॅलोजन आपली बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात पुढे फेकतो. एलईडीचा उजेड थंड असतो पण चिपची बूड तापते, आणि ती उष्णता मागे, हेडलाइटच्या बंद डब्यात आणि इंजिनाच्या बाजूला साठते. मागे धूळ-पाण्यासाठीचं झाकण घट्ट लावलं तर बल्ब गुदमरतो. पंखा मावत नाही म्हणून झाकण उघडं ठेवलं तर आत ओल शिरते, रिफ्लेक्टर धुरकट होतो. दोन्हीकडून नुकसान आपलंच. बर्फ पडतो अशा भागात अजून एक कटकट, थंड काचेवरचा बर्फ वितळतच नाही.

स्टेपनी
आमच्या गाडीत एलईडी टाकल्यावर डॅशबोर्डवर 'बल्ब गेला' असा दिवा लागतो आणि एफएम लावला की खरखर. दोन्हीचा संबंध आहे का?

ॲम्पिअर
आहे, पण कारणं वेगळी. गाडीचा संगणक बल्बमधून किती करंट जातोय ते पाहतो. ५५ वॅटच्या जागी २५ दिसले की त्याला वाटतं बल्ब उडाला. त्यावर लोक समांतर रेझिस्टर लावतात. तो वाचलेली वीज निव्वळ उष्णतेत जाळतो, म्हणजे 'वीज वाचते' हा मुद्दा तिथेच संपला. आणि रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, प्लास्टिकजवळ किंवा वायरच्या गुच्छाला बांधला तर वितळवतो. पत्र्यालाच बसवा. खरखर मात्र बल्बच्या आतल्या ड्रायव्हरची, म्हणजे चिपला वीज पुरवणाऱ्या सर्किटची, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. हेडलाइट बंद केल्यावर थांबत असेल तर नक्की तोच.

टेस्टलॅम्प
सगळे एलईडीवर तुटून पडलेत, पण काळोखवाट यांचा मूळ त्रास राहिलाच. बरेच दिवस उजेड कमी वाटत होता असं ते म्हणतायत. बल्ब काही हळूहळू इतका खराब होत नाही. तेव्हा नवा बल्ब घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्या.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ऐकायला क्लिष्ट, पण अर्थ सरळ आहे. १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट पोचले की उजेड पावपट गेला. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. बारीक वायर, झिजलेले संपर्क, गंजलेली अर्थ, म्हणजे पत्र्याला जोडलेली परतीची वायर. दोन व्होल्ट वाटेतच जिरले तरी नवल नाही.

मोजायचं असं. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब जोडलेलाच. हे महत्त्वाचं, कारण बल्ब काढून मोजलंत तर करंटच वाहत नाही आणि रीडिंग छान येतं. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग बल्बच्या कप्लरच्या (बल्बला लागणाऱ्या प्लगच्या) मागून सुया घालून डिपरची पिन आणि अर्थची पिन यांच्यात मोजा. दोन्हीतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर तो कुठे जातोय ते शोधा. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी कप्लरच्या अर्थ पिनवर. तिथे ०.२ च्या वर दिसलं तर दोषी अर्थ. उरलेला फरक पॉझिटिव्हच्या वाटेतला, म्हणजे स्विच, फ्यूज आणि वायर. त्याला रिले हा उपाय, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट बल्बला वीज देणारा खटका.

चष्मेबहाद्दर
टेस्टलॅम्प, शंभर टक्के सहमत. भर घालतो, काचेकडेही बघा. हल्लीच्या हेडलाइटची 'काच' काच नसून पॉलिकार्बोनेट असते. वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी आणि खरखरीत होते. उजेड कमी होतोच, शिवाय उरलेला इकडेतिकडे विखुरतो. अशा पिवळ्या काचेमागे एलईडी घातला की चमक सगळ्या दिशांना पसरते.
घासायचं तर पाणी लावत ८०० चा पॉलिशपेपर, मग १५००, मग ३०००, मग पॉलिश. आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट मारायचाच. तो नसला तर काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. टूथपेस्टवाले व्हिडिओ बघू नका.
आणि पुढची मोठी काच आतून पुसा! डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ तिच्यावर तेलकट थर धरते. समोरून लाईट आला की सगळी काच दुधाळ होते, आणि आपण शिव्या घालतो समोरच्याला.

सांजवात
काच पुसून बघते. पण तरी शिव्या समोरच्यालाच घालणार.

नवशिक्या_चालक
भाबडा प्रश्न. उजेड वाढवायचाच आहे तर १००/९० वॅटचे हॅलोजन मिळतात ते का नको? बीम तर बिघडणार नाही ना?

पाना_बारा
बीम बिघडणार नाही, होल्डर वितळेल. फॅक्टरीची वायर ६०/५५ साठी (अप्पर ६०, डिपर ५५ वॅट) असते. जास्त वॅट ओढले की वाटेत व्होल्टेज अजून पडतं, म्हणजे अपेक्षेइतका उजेडही मिळत नाही आणि स्विच जळतो. कप्लर तपकिरी झालेला, पिनांभोवतीचं प्लास्टिक फुगलेलं, अशा गाड्या नेहमी येतात. निम्म्यांत जास्त वॅटचे बल्ब सापडतात. वर रिफ्लेक्टरचा मुलामा सोलवटतो तो वेगळाच.

'+१००', '+१३०' असे टक्के लिहिलेले नामांकित कंपन्यांचे हॅलोजन मिळतात, ते चालतील. वॅट तेवढेच, फिलामेंट लहान आणि जास्त काटेकोर बसवलेली. ते टक्के एकूण उजेडाचे नसतात, रस्त्यावरच्या एका ठरावीक जागेचे आणि नियमातल्या किमान आकड्याच्या तुलनेत असतात. त्यामुळे दुप्पट उजेडाची स्वप्नं पाहू नका, पण लांबचा ठिपका खरोखर सुधारतो. किंमत मोजायची ती आयुष्यात, हे बल्ब लवकर जातात. निळसर रंगाचे हॅलोजन मात्र टाळा. काचेवरचा निळा थर उजेड खातो, दिसायला पांढरा वाटतो इतकंच.

नवशिक्या_चालक
धन्यवाद. आणि धुक्यात पिवळा लाईट चांगला, पांढरा वाईट, हे खरं ना?

ॲम्पिअर
जेवढं सांगतात तेवढं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते पिवळा आणि निळा जवळपास सारखाच विखुरतात. धुक्यात त्रास होतो तो वर जाणाऱ्या उजेडाचा, तो थेंबांवरून उलट आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून फॉगलाइट खाली बसवतात आणि त्याची वरची कड सपाट कापलेली असते. फाटक्या कटऑफचा एलईडी धुक्यात पांढरी भिंत उभी करतो तो याच कारणाने. रंगाचा संबंध आहे, पण डोळे दिपण्याशी. सहा-साडेसहा हजार केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) उजेडात निळा भाग जास्त, आणि तेवढ्याच लक्सला तो डोळ्यांना जास्त टोचतो. वय वाढलं की अजूनच.

स्टेपनी
मग कायद्याने बंदी का नाही?

ॲम्पिअर
बऱ्याच ठिकाणी आहेच. संयुक्त राष्ट्रांचे नियम पाळणाऱ्या देशांत हेडलाइटला मान्यता मिळते ती त्यात कुठल्या जातीचा बल्ब लागणार हे धरून. एच४ साठी मान्यता मिळालेल्या दिव्यात दुसरं काही घातलं की ती मान्यता गेली. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस १०८ हा नियमही हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब मानत नाही. जर्मनीने मात्र २०२० मध्ये ऑसराम कंपनीच्या एका एच७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी दिली, नंतर फिलिप्सलाही मिळाली. पण ती सरसकट नाही. कुठल्या गाडीचा, कुठल्या मान्यता क्रमांकाचा हेडलाइट, याची यादीच आहे. यादीत नसेल तर तोच बल्ब बेकायदा. म्हणजे एलईडी मुळात वाईट असं कोणी म्हणत नाही. ठरावीक डब्यात मोजून बघा, उतरला तर लावा. आपण नेमकं हे मोजणंच गाळतो.
एलईडीसाठीच घडवलेले हेडलाइट उत्तम असतात, त्याबद्दल वाद नाही. २००७ मध्ये लेक्ससच्या एका गाडीत पहिल्यांदा डिपरला एलईडी आले, तेव्हापासून सगळा डबाच त्यांच्याभोवती आखला जातो.

फ्यूजउडाला
चालत जायचा प्रयोग केला. मित्राला घेऊन गेलो, त्याने आधी वेड्यात काढलं. निकाल: जवळ एलईडी कैक पटींनी सरस. लांब मात्र हॅलोजन थोडा पुढे. फार नाही, पण पुढे आहे हे कबूल. भिंतीवर कटऑफ व्यवस्थित आहे, कोणी डिपर मारत नाही, त्यामुळे मी तूर्त एलईडीच ठेवतोय. जळा!

सांजवात
प्रामाणिक प्रतिसादाबद्दल +१. ठेवण्याबद्दल -१.

स्टेपनी
एलईडी लावून हेडलाइटचा फोकस थोडा खाली केला तर? समोरच्याचाही प्रश्न सुटेल.

टेस्टलॅम्प
सगळे हेच सुचवतात. गणित करून बघू. बल्ब जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आणि बीमचा उतार १ टक्का असेल तर कटऑफ ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. उतार २ टक्के केलात तर साडेबत्तीस मीटरवर. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद, आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून ३५ मीटर धरा. म्हणजे ५७ मीटर लागणार आणि दिसणार ३२. शिवाय फाटलेल्या कटऑफचा वर गेलेला उजेड बीम खाली केल्याने फक्त थोडा खाली येतो, जात नाही.

काळोखवाट (धागाकर्ता)
मोजलं! मल्टिमीटर शेजाऱ्यांकडून आणला. चालू असलेल्या उजव्या बाजूला बॅटरीवर १३.९, कप्लरवर १२.१. म्हणजे १.८ व्होल्ट गायब. त्यातले १.१ एकट्या अर्थमध्ये.

अर्थची वायर मागोवा घेत गेलो तर ती हेडलाइटच्या मागे पत्र्याला एका छोट्या बोल्टने आवळलेली. बोल्ट सोडवल्यावर खाली पांढरट-हिरवी पूड आणि टिकलीएवढीच चकचकीत जागा, बाकी सगळा गंज. पाना_बारा, टेस्टलॅम्प, आता काय? घासून परत आवळू की वायरच नवी ओढू?

टेस्टलॅम्प
१३.९ चे १२.१ म्हणजे उजेड बासष्ट टक्क्यांवर आला होता. कुठला एलईडी आणि कुठलं काय.
टोकाची रिंग आणि खालचा पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा. रिंगमध्ये शिरणारी वायर हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवी रिंग दाबा. आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग. आधी रंग मारून मग आवळायचं नाही. दुसऱ्या बाजूची अर्थही तशीच असणार, तीही उघडा.

पाना_बारा
आणि नवे बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या क्वार्ट्झवर भाजून बसतं, तिथे काच जास्त तापते, कमकुवत होते आणि बल्ब अकाली जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसून कोरडा करून बसवा. एच४ ला तीन कान असतात, एक रुंद, तो वर येतो. बल्ब नीट बसला की हलत नाही, मगच स्प्रिंगची क्लिप अडकवा. अर्धवट बसलेला बल्बही पेटतो, बीम मात्र आभाळात जातो. मागचं रबर चहूबाजूंनी खोबणीत बसलंय का ते बोट फिरवून पाहा, पाणी तिथूनच शिरतं.

काळोखवाट (धागाकर्ता)
दोन्ही अर्थ साफ केल्या, दोन्हीकडे नवे साधे ६०/५५ बसवले. उजव्या कप्लरवर आता १३.१, डाव्यालाही तेवढेच. फरक बघायला मीटर लागलाच नाही. अजून ०.८ वाटेत जातायत. रिले लावू का?

टेस्टलॅम्प
आता घाई नाही. १३.१ म्हणजे बल्बच्या १३.२ च्या आकड्यापाशीच आलात. रिलेने पूर्ण १३.९ दिलेत तर उजेड अजून वाढेल, पण हॅलोजनचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताने कमी होतं. म्हणजे जवळपास निम्मं. उजेड पुरत असेल तर राहू द्या.
फोकस मात्र तपासा. टायरमध्ये हवा नेमकी, चालकाच्या जागेवर कोणीतरी बसलेलं, आतली लेव्हलची (बीम वर-खाली करायची) चकती शून्यावर. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर मागे गाडी लावा. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खूण करा, त्याच्या १० सेंटिमीटर खाली कटऑफची सपाट रेघ यायला हवी. हा १ टक्का. बॉनेटखाली किंवा हेडलाइटवर स्टिकर असेल आणि त्यावर १.२ किंवा १.३ लिहिलं असेल तर तो आकडा धरा. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर जाड कापड टाका. पण हॅलोजनवर फार वेळ कापड ठेवू नका, तापतं. जिथे डावीकडून वाहतूक चालते तिथे रेघ डावीकडे वर चढलेली दिसेल, उजवीकडे सपाट.

नवशिक्या_चालक
वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न, पार्किंगचा छोटा बल्ब तरी एलईडी चालेल का? तो ५ वॅटचा, नुसता खुपसायचा असतो तो.

पाना_बारा
नियमाच्या कसोटीवर तोही बदलच आहे, पण तिथे बीम नसतो, त्यामुळे कोणाचे डोळे दिपत नाहीत. फार प्रखर घेऊ नका. बसवल्यावर पेटला नाही तर खराब समजून फेकू नका, काहींना प्लस-मायनस कळतं. उपटून उलटा बसवा.